तिनं सांगितलं होतं

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्याच सुमाराला मला बिदरजवळच्या मैलूरच्या बालवाडीत काम लागलं. आम्ही मूळचे कमठाण्याचे. धम्म घेतल्यावर वडिलांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, की मुलगा असो की मुलगी, शाळा सोडवायची नाही. त्यामुळं मी मराठीत शिकले, पुढं कन्नडची परीक्षा दिली, आणि बिदरच्या गल्लीत राहून दखनी उर्दू आपोआप तोंडात बसली. तीन भाषा येतात म्हणूनच तुम्हाला घेतलं, असं नेमणुकीच्या वेळी मला सांगितलं होतं. मला त्याचा अभिमान होता. दारात कुणाचंही मूल येऊ दे, मी त्याच्याशी बोलू शकेन, असं मला खरंच वाटायचं.

बालवाडी म्हणजे लाल दगडाची एक खोली, पुढं ओटा, मागं मोकळी जागा. मागच्या जागेत बांधकामातून उरलेल्या दगडांचा ढीग पडलेला होता. मदतीला एक बाई होत्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही मेंढरं राखणारं, पण आता मेंढरं गेली होती आणि घरातले सगळे मजुरीला जात होते. सगळी मुलं त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. अक्का दिवसभर बोलायच्या. मुलांची नाकं पुसताना, केस विंचरताना, खिचडी ढवळताना त्यांचं तोंड चालू असायचं. मुलांना त्या फार आवडायच्या.

गावाबाहेरच्या खाणीत दगड फोडायला तेलंगणाच्या बाजूनं काही वड्डर कुटुंबं आली. खाणीशेजारीच त्यांनी पालं ठोकली. त्यातली एक बाई एके सकाळी आपल्या मुलीला घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मुलगी तीन-साडेतीन वर्षांची असेल. केस उन्हानं तांबूस झालेले, डोळे मोठे, आणि मूठ आईच्या पदरात घट्ट. आई दखनीत म्हणाली, "खान में फत्तर उडतें बाई. हिकडे रैने देव." खाणीत दगड उडतात, इथं राहू द्या, एवढंच तिचं मागणं होतं. मी मुलीला आत घेतलं.

मुलगी घरी फक्त तेलुगू बोलायची. आमच्याकडं दुसरं कुणी तेलुगू बोलणारं नव्हतं. पहिले काही दिवस ती कोपऱ्यात बसून रडली, मग नुसती बसून राहायला लागली. मला वाटलं, रुळली. मुलं एकमेकांत खेळून शिकतात, हिलाही येईल आपोआप, असं मी तिच्या आईला सांगितलं.

एक शब्द मात्र ती रोज म्हणायची. उन्हं ओट्यावर आली की अक्कांजवळ जाऊन त्यांचं लुगडं ओढायची आणि हळूच म्हणायची, "आकली." समोरच्या घरासमोर एक तांबडी गाय बांधलेली असायची. कन्नडमध्ये गाईला आकळू म्हणतात. अक्का तिला कडेवर घेऊन ओट्यावर न्यायच्या आणि म्हणायच्या, "ही बघ आकळू. बघ, कशी कान हालवायलीय." मुलगी गाईकडं बघायची, मग अक्कांच्या तोंडाकडं बघायची. कधी परत तोच शब्द म्हणायची. अक्का म्हणायच्या, "गाईचं लई येड हाय हिला."

उन्हाळा नुकताच सुरू झाला होता. त्या सकाळी मी आत मुलांना ओळीत बसवत होते. मागच्या बाजूनं किंकाळी आली. बघते तर ही मुलगी एका पायावर लंगडत येतेय, दुसरं पाऊल हातात धरलेलं. तोंड लाल झालं होतं. ती ओरडत होती, "तेलू! तेलू कुट्टिंदी! तेलू कुट्टिंदी!"

अक्का जागच्या जागी थांबल्या. मग त्यांनी टाळीच वाजवली.

"बाई, ऐकलं का? तेल कुटं, तेल कुटं म्हनायलीय! आलं की पोरीला मराठी!"

मलाही हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून आमच्या ओळखीचे शब्द आले होते. पायात काटा मोडला असणार, घरी आई काटा काढून तेल लावत असणार, म्हणून ती तेल मागतेय. सगळं कसं बरोबर जुळत होतं. अक्कांनी टाळी वाजवली म्हणून बाकीची मुलंही टाळ्या वाजवायला लागली. मुलगी त्या सगळ्यांच्या मध्ये उभी राहून ओरडत होती, आणि आम्ही आनंदानं तिच्याकडं बघत होतो.

मी तिला मांडीवर घेतलं. मुलांच्या केसांना लावायला करडीच्या तेलाची बाटली ठेवलेली असायची, ती अक्कांनी आणली. पावलावर एक बारीक लाल ठिपका होता. काटा काही दिसेना. मी तेल लावून बोटानं चोळलं. तशी ती अशी ओरडली की माझे कान बधिर झाले. तिनं बाटलीवर लाथ मारली. बाटली आडवी झाली, तेल फरशीवर पसरलं.

"नको व्हतं तर मागितलं कामून?" अक्का फडक्यानं तेल पुसत म्हणाल्या. पण त्यांचा आवाज आता हसरा नव्हता.

मी काटा शोधतच राहिले. पाऊल उजेडाकडं वळवलं, कातडी दाबून बघितली. तेवढ्यात माझ्या हाताला काहीतरी ओलं लागलं. तिच्या दंडावरून घाम वाहत होता. कपाळावरून, मानेवरून, पाण्यातून काढल्यासारखा. मी तिचा हात धरला आणि दचकले. बाहेर ऊन तापलेलं, आणि तिचा हात माठासारखा गार. पाठोपाठ ती ओकली.

मग तिचं ओरडणं थांबलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली. तिनं माझा हात ओढून तळवा वर केला. आपलं एक बोट आकड्यासारखं वाकवलं आणि त्या बोटाच्या टोकानं माझ्या तळव्यावर टोचलं. एकदा टोचून माझ्याकडं बघितलं. मी तशीच बसलेली बघून परत टोचलं.

"इच्चू!" अक्का किंचाळल्या. "अवो बाई, इच्चू चावलाय तिला!"

तिला उचलून मी रस्त्याकडं कशी धावले, हे मला नीट आठवत नाही. पायात चपला नव्हत्या, एवढं नंतर कळलं. खाणीतून लाल दगड भरून एक लॉरी येत होती. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. ड्रायव्हरनं आधी शिवी दिली, मग माझ्या हातातलं मूल बघितलं आणि दार उघडलं. त्यानं मुलीला ओळखलं. वाटेत तो दोनदाच बोलला. एकदा "सांस है ना?" म्हणून विचारलं, आणि दवाखान्याच्या दारात म्हणाला, "मैं उसकी माँकू लातूं."

सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांनी तिला लगेच आत घेतलं. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मुलीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि छाती भराभर वरखाली होत होती. डॉक्टरांनी मान न वळवता विचारलं, "कधी चावला?"

"बराच वेळ झाला," मी म्हणाले. "आम्हाला काटा वाटला."

"पोरगी काही बोलली नाही का?"

"बोलली. तेल मागत होती."

"तेल?" डॉक्टर माझ्याकडं वळले.

"तेल कुटं, तेल कुटं म्हणत होती."

माझ्या मागं कुणीतरी जोरात श्वास घेतला. मी वळून बघितलं. तिची आई दारात उभी होती. केसांवर, भुवयांवर दगडाची लाल भुकटी. धावत आल्यानं तिला बोलता येत नव्हतं. ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी काही भलतंच बोलून बसले होते.

"तेल नै, बाई," ती म्हणाली. "तेलू. तेलू बोले तो बिच्छू. कुट्टिंदी बोले तो काट्या."

तेलू म्हणजे विंचू. तेलू कुट्टिंदी म्हणजे विंचू चावला.

मी भिंतीला टेकले. काटा शोधत होते, तेल चोळत होते, त्या सगळ्या वेळात ती मुलगी दुसरं काहीच म्हणत नव्हती. स्पष्ट, मोठ्यानं, पुनःपुन्हा ती नेमकं तेच सांगत होती. कुठल्याही डॉक्टरला याहून जास्त काही लागलं नसतं. तिनं सांगण्यात काहीच कसर ठेवली नव्हती.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी एकच विचार करत राहिले. तिचे शब्द मला अगदीच अनोळखी वाटले असते, तर मी थांबले असते. काय म्हणतेस, म्हणून विचारलं असतं, पाय नीट बघितला असता, कुणाला तरी हाक मारली असती. पण ते शब्द माझ्या भाषेतले वाटले. म्हणून मला विचारायची गरजच वाटली नाही. तीन भाषा येणाऱ्या माझ्या कानांनी चौथी भाषा आपल्यातच ओढून घेतली.

संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. आई मुलीच्या पायाशी बसली. माझ्यावर ती रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं. दिवस उतरताना डॉक्टरांनी परत नाडी बघितली आणि म्हणाले, "हात गरम होतायत." आईला मराठी फारशी कळत नव्हती, पण तिनं स्वतः हात लावून बघितला आणि पदर तोंडावर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले. मुलगी आईच्या मांडीवर उठून बसली होती, पाणी पीत होती. मला बघताच तिनं पेला खाली ठेवला आणि तोंड आईच्या कुशीत लपवलं. तिथूनच ती आईला काहीतरी सांगायला लागली. बरंच बोलत होती. आमच्याकडं कोपऱ्यात बसणारी मुलगी इतकं बोलते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"क्या बोल री?" ती काय म्हणतेय, असं मी विचारलं.

आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "बाईकू मैं बोली, बोल री. अक्काकू बी बोली, बोल री. उनो हँसे, बोल री. ताल्या बजाए, बोल री."

मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. आत परत जायला मला बराच वेळ लागला.

इकडं अक्कांनी त्या दिवशीच मागचा ढीग उपसायला घेतला होता. एका दगडाखाली त्यांना तो लाल विंचू सापडला. नवऱ्याला आणि दिराला बोलावून त्यांनी सगळे दगड उचलायला लावले. जागा झाडून स्वच्छ केली. पण अक्का बोलेनाशा झाल्या होत्या. खिचडी ढवळताना त्यांचा आवाज नाही, हे मुलांनाही कळत होतं. मुलं त्यांच्या तोंडाकडं बघायची.

मुलगी बालवाडीत आली नाही. काही दिवस वाट बघून मी खाणीवर गेले. आई उन्हात दगड घडवत होती. मुलगी पालाच्या सावलीत बसली होती. मला बघून ती आत पळाली.

"नक्को बाई," आई आधीच म्हणाली. "हिकडेच रैती उने. मेरे सामने."

"पाठव म्हणायला नाही आले," मी दखनीतच सांगितलं. "तुमची बोली शिकायला आलेय. तिला तहान लागली, काही दुखलं, तर ती काय म्हणते, ते मला सांग."

आईनं हातातला हातोडा खाली ठेवला. तिला खरं वाटेना. "हमारी बात? तुमे सिकते?" शेजारी काम करणाऱ्या बायकाही थांबल्या. त्यांच्यातली एक हसली. त्यांची भाषा शिकायला आजवर कुणी आलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

मग आई सांगायला लागली. पाणी म्हणजे नीळ्ळू. दुखणं म्हणजे नोप्पी. मी मागोमाग म्हणत होते. उच्चार चुकला की बायका हसायच्या आणि नीट करून द्यायच्या. मला एकदम आठवलं म्हणून मी म्हणाले, "आणि आकळू, म्हणजे गाय, तो शब्द तिला कुठून आला? रोज म्हणते. तुमच्यात पण गाईला तेच म्हणतात का?"

"गाय? गाय बोले तो आवू," आई म्हणाली. "आकळू नै. उने आकली बोलती हुंगी. आकली बोले तो भूक."

मी तिथल्या एका दगडावर बसले. दगड तापलेला होता, तेही मला कळलं नाही. आई मला विचारत होती, काय झालं, काय झालं. मी काय सांगणार होते? पहाटे कामावर निघायच्या घाईत तिच्या पोटात काही पडायचं नाही. खिचडी मिळायची दुपारी. मधल्या वेळात ती रोज अक्कांचं लुगडं ओढून म्हणायची, भूक लागली. आणि आम्ही तिला उचलून गाय दाखवायचो.

तरीही मी सांगितलं. सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. मग पालात जाऊन तिनं मुलीला बाहेर आणलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. त्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "कल आतूं मैं. दोनो आतें."

परत येऊन मी अक्कांना सांगितलं. त्यांनी दाराची चौकट धरली.

"भूक म्हनायली व्हती?" त्यांनी विचारलं. "आन् म्या गाय दाखवायले?"

"व्हय, अक्का."

त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "लेकरानं रोज येऊन सांगायचं तरी कामून सोडलं न्हाई?"

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. आई कामावर जायच्या आधी दाराशी थांबली आणि अक्कांना एकेक शब्द सांगितला. अक्का तो मोठ्यानं म्हणायच्या. हे मग रोजचंच झालं. अक्कांचा आवाज हळूहळू परत आला, पण आता त्यात प्रश्न जास्त असायचे. "काय म्हनायलास? परत म्हन. दाव बघू कुटं ते." आमच्याच मराठी मुलांनाही त्या असंच विचारायच्या. उन्हं ओट्यावर आली की मुलीच्या हातात भाकरीचा तुकडा असायचा, कारण अक्का घरून जास्तीची भाकरी बांधून आणायच्या. मी इतर आयांनाही थोडं थांबायला सांगू लागले. तुमचं मूल घरी कशाला काय म्हणतं, एवढंच विचारायची. उत्तरं ऐकताना मला पुनःपुन्हा धक्के बसत होते. कितीतरी शब्द मी नुसते हसून सोडून दिले होते.

तपासणीला एक कन्नड बाई यायच्या. त्यांनी मुलांना तेलुगूत पाणी मागताना ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. इथं मुलांनी कन्नड शिकायची, हे काय चाललंय, असं त्यांनी मला विचारलं. मी त्यांना विंचवाची हकीकत सांगितली. ऐकता ऐकता त्यांनी दोन्ही पाय वर खुर्चीवर घेतले आणि वाकून खुर्चीखाली बघितलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, वर कुणाला सांगू नका, पण चालू ठेवा.

पावसाच्या थोडं आधी एक नवा मुलगा आला. त्याच्या घरी कन्नड. आल्या आल्या तो मागच्या बाजूला पळाला. तिथं कुठूनतरी नवे दगड येऊन पडले होते. मी हाक मारायच्या आत आमची मुलगी त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "तेलू," ती म्हणाली. तो नुसता बघत राहिला. "इच्चू." तरी तो बघतच राहिला. तिनं डोकं जरा कलतं करून त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "चेळू." मुलानं झटकन पाय मागं घेतला. चेळू हा कन्नडमधला विंचू. तिनं त्याच्या बखोटीला धरलं आणि ओट्यावर आणून बसवलं.

अक्का आणि मी दारातून बघत होतो. आम्ही दोघी एकमेकींकडं बघू शकलो नाही.

पाऊस लागला की खाणीत पाणी साचायचं आणि काम बंद व्हायचं. वड्डर कुटुंबं दुसरीकडं जायची. कधी जाणार ते आधी कुणाला माहीत नसायचं. एका दुपारी बालवाडीसमोरच्या रस्त्यानं एक लॉरी आली. वर पालांचे बांबू, भांडी, गाठोडी, आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. अक्कांनी आधी बघितलं. "बाई, ती बघा की, आपली पोरगी!"

आम्ही धावत रस्त्यावर आलो. आई गाठोड्याला धरून बसली होती. तिनं हात वर केला. मुलगी तिच्या मांडीत उभी राहिली आणि आमच्याकडं बघून मोठ्यानं काहीतरी ओरडली. लॉरीच्या आवाजात शब्द कळले नाहीत.

"काय म्हणाली?" मी अक्कांना विचारलं.

"मला बी न्हाई आलं ऐकू."

मी लॉरीमागं धावत सुटले. हात हलवून ड्रायव्हरला थांब म्हणत होते. चिखल उडत होता. मुलगी अजून ओरडत होती आणि हसत होती. आईही हसत होती. म्हणजे वाईट काही नसणार, एवढं कळत होतं. तरी मी धावत राहिले. लॉरी हुमनाबादच्या रस्त्याला लागली आणि दिसेनाशी झाली.

धापा टाकत परत आले तेव्हा अक्का रस्त्याच्या कडेला तशाच उभ्या होत्या. "जाऊन येते, म्हनली असंल की," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून स्वतःच पुढं म्हणाल्या, "न्हाई तर दुसरं कायतरी."

आत मुलं आमची वाट बघत होती. आम्ही आत गेलो.